क्लायपेडाचे जहाज: गॅस येण्याआधीच दर उतरवणारे टर्मिनल

मे 2014 मध्ये लिथुआनियाच्या सरकारने जाहीर केले की गाझप्रोमने, म्हणजे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, गॅसचा दर 20 टक्क्यांहून अधिक कमी केला आहे. वर्षानुवर्षे विनवण्या, तक्रारी आणि खटले करून जे मिळाले नव्हते, ते अचानक पदरात पडले. त्या वेळी देशाच्या क्लायपेडा बंदरात एलएनजीचा, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचा, एक थेंबही उतरलेला नव्हता. ज्या जहाजावर देशाने सगळा डाव लावला होता, ते बंदरात यायला अजून पाच महिने होते.

युरोपच्या ऊर्जा सुरक्षेवर बोलताना लोक नकाशा उघडतात आणि कुठली पाइपलाइन कुठून कुठे जाते ते दाखवतात. लिथुआनियाचे प्रकरण मला त्याहून बोलके वाटते. जेमतेम तीस लाख वस्तीच्या या देशाने पर्यायी मार्ग उभा केला, त्याचे पैसे मोजले, त्यावरून देशात भांडणे झाली, आणि आठ वर्षांनी युक्रेन युद्ध पेटले तेव्हा तो पर्याय पूर्ण ताकदीने वापरावा लागला. खर्च आणि फळ, दोन्हींचा हिशेब इथे समोर आहे.

एकच नळ

11 मार्च 1990 रोजी लिथुआनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडल्याची घोषणा केली. पाचेक आठवड्यांत मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी लावली. मझेइकियाई शुद्धीकरण कारखान्याचे कच्चे तेल थांबवले आणि गॅसचा पुरवठा अगदी थोड्यावर आणला. जुलैच्या सुरुवातीपर्यंत हे चालले. स्वातंत्र्याची घोषणा काही काळ स्थगित ठेवण्याची तयारी दाखवल्यावर नाकेबंदी उठली. नाक दाबले की तोंड उघडते, हे तिथल्या एका अख्ख्या पिढीने अनुभवले होते. पुढच्या काळात इंधनाचा विषय त्या देशात कधीच निव्वळ व्यापाराचा राहिला नाही, त्याचे मूळ इथे आहे.

तरीही पुढची वीस वर्षे गॅस एकाच वाटेने येत राहिला: रशियातून, बेलारूसमार्गे. जून 2010 मध्ये गाझप्रोम आणि बेलारूस यांच्यात थकबाकीवरून जुंपली, तेव्हा काहीही देणे बाकी नसलेल्या लिथुआनियाचाही पुरवठा घटला.

त्यात इग्नालिनाची भर पडली. सोव्हिएत काळातील या अणुवीज केंद्राच्या अणुभट्ट्या चेर्नोबिलच्याच घराण्यातल्या, आरबीएमके प्रकारच्या. युरोपीय संघात प्रवेश हवा असेल तर केंद्र बंद करा, ही अट होती. पहिली भट्टी 2004 च्या अखेरीस बंद झाली आणि दुसरी 31 डिसेंबर 2009 रोजी. कालपर्यंत वीज निर्यात करणारा देश रातोरात आयातदार झाला आणि वीज व उष्णता या दोन्हींसाठी गॅसवरचा भार वाढला. नवे अणुवीज केंद्र बांधायचे की नाही यावर ऑक्टोबर 2012 मध्ये सार्वमत घेतले गेले. लोकांनी नकार दिला.

दराची गोष्ट तर आणखी बोचणारी. 2012 च्या सुमारास लिथुआनिया हजार घनमीटरमागे पाचशे डॉलरच्या आसपास मोजत होता. रशियापासून कितीतरी दूर असलेल्या जर्मनीला तोच गॅस स्वस्त पडत होता. जर्मनीकडे नॉर्वे होता, नेदरलँड्स होता, गॅसचा खुला बाजार होता. लिथुआनियाकडे यातले काहीच नव्हते. गावात एकच किराणा दुकान असले की मालाचा भाव अंतरावर ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या अडचणीवर ठरतो.

आणखी एक गाठ होती. देशाची गॅस कंपनी 'लिएतुवोस दुयोस' हिचे 37.1 टक्के भाग गाझप्रोमकडे, 38.9 टक्के जर्मनीच्या ई.ऑन रुअरगासकडे आणि फक्त 17.7 टक्के सरकारकडे होते. गॅस विकणाऱ्याचाच खरेदी करणाऱ्या कंपनीत मोठा वाटा! आणि पाइपलाइनचे जाळेही त्याच कंपनीचे. तिसऱ्या कुणी उद्या गॅस आणायचे ठरवले असते, तरी तो वाहून न्यायला नळ प्रतिस्पर्ध्याचा वापरावा लागला असता.

तीन आघाड्या

2008 ते 2012 या काळात पंतप्रधान आंद्रियुस कुबिलियुस आणि ऊर्जामंत्री आर्विदास सेक्मोकास यांनी एकाच वेळी तीन बाजूंनी हालचाल सुरू केली.

पहिली बाजू कायद्याची. 2009 च्या युरोपीय 'तिसऱ्या ऊर्जा पॅकेज'ने म्हटले होते की गॅस विकणारा आणि वाहून नेणारा एकच नको. ते कसे करायचे याचे मवाळ पर्यायही दिले होते. लिथुआनियाने सर्वांत कडक पर्याय निवडला: मालकीच पूर्ण वेगळी करायची. गाझप्रोमने आदळआपट केली, पण 2013 मध्ये वहन व्यवसाय 'अंबर ग्रिड' या वेगळ्या कंपनीकडे गेला. 2014 मध्ये ई.ऑन आणि गाझप्रोम या दोघांनीही आपले भाग सरकारला विकले.

दुसरी बाजू तक्रारीची. 2011 मध्ये लिथुआनियाने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. सप्टेंबर 2012 मध्ये आयोगाने गाझप्रोमविरुद्ध औपचारिक चौकशी उघडली. 2015 मध्ये मध्य व पूर्व युरोपातील आठ देशांच्या बाजारपेठांबाबत आरोप ठेवले गेले आणि 2018 मध्ये दंड न लावता, काही बंधने मान्य करून घेऊन प्रकरण मिटले. स्टॉकहोमच्या लवादाकडे लिथुआनियाने जादा आकारलेल्या दराबद्दल सुमारे दीड अब्ज युरोंची भरपाई मागितली होती. 2016 मध्ये तो दावा फेटाळला गेला. म्हणजे कागदोपत्री लढाईत हाती आले ते थोडेच, आणि तेही उशिरा. न्याय मिळेल या भरवशावर बसले असते, तर 2014 चा हिवाळा जुन्याच दराने गेला असता.

तिसरी बाजू समुद्राची. ती मात्र कामाला आली.

जमिनीवर न बांधता

बाल्टिक प्रदेशासाठी एलएनजी टर्मिनल हवे, हे सगळ्यांनाच मान्य होते. ते कुठे हवे, यावर एस्टोनिया, लात्विया, फिनलंड आणि लिथुआनिया यांचे कधीच जुळले नाही. प्रत्येकाला ते आपल्या किनाऱ्यावर हवे होते, कारण युरोपीय निधी त्याच्याच वाट्याला आला असता. ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय आयोगाचा, कल फिनलंडच्या आखाताकडे झुकत होता. लिथुआनियाने या वाटाघाटींची वाट पाहणे सोडून दिले. या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय मला हाच वाटतो. आर्थिकदृष्ट्या चौघांनी मिळून एक टर्मिनल बांधणे नक्कीच शहाणपणाचे होते. पण चौघांचे एकमत होईपर्यंत गाझप्रोमचा करार संपून नवा करायची वेळ आली असती. जुना दीर्घ मुदतीचा करार 2015 अखेर संपणार होता.

जमिनीवरचे टर्मिनल म्हणजे अतिथंड द्रव साठवणाऱ्या प्रचंड टाक्या, त्यांचा पाया आणि बरीच वर्षे. त्याऐवजी तरंगते टर्मिनल निवडले गेले. टाक्या आणि द्रवाचा पुन्हा वायू करणारी यंत्रणा, सगळे एकाच जहाजावर. मार्च 2012 मध्ये सरकारी कंपनी 'क्लायपेडोस नाफ्ता'ने नॉर्वेच्या होएग एलएनजीशी दहा वर्षांच्या भाडेपट्टीचा करार केला. मुदतीनंतर जहाज विकत घेण्याची मुभा त्यात होती. त्याच वर्षाच्या शेवटी कुबिलियुस यांचे सरकार गेले आणि आल्गिर्दास बुटकेविचियुस यांचे आले. तरी प्रकल्प थांबला नाही. सरकार बदलले की आधीच्यांचे प्रकल्प अडगळीत टाकण्याची सवय पाहिलेल्या आपल्याला याचे अप्रूप वाटावे.

जहाज दक्षिण कोरियातल्या उल्सानला ह्युंदाईच्या यार्डात बांधले गेले. लांबी 294 मीटर, टाक्यांची क्षमता 1 लाख 70 हजार घनमीटर. नाव ठेवले 'इंडिपेन्डन्स'. नाव जरा भडक आहे खरे, पण 1990 ची नाकेबंदी सोसलेल्या देशाला त्याची मुभा असावी.

ते चालते कसे, ते थोडक्यात. उणे 162 अंशांपर्यंत गार केला की नैसर्गिक वायूचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते. असा द्रव घेऊन आलेला टँकर 'इंडिपेन्डन्स'च्या कुशीला लागतो आणि लवचिक नळ्यांमधून माल एका जहाजातून दुसऱ्यात उतरतो. मग तो हळूहळू गरम करून, दाब वाढवून, जमिनीवरच्या पाइपलाइनमध्ये सोडला जातो. भरलेल्या टाक्यांतून सुमारे 10 कोटी घनमीटर गॅस होतो. वर्षाला सव्वातीन अब्ज घनमीटर वापरणाऱ्या तेव्हाच्या लिथुआनियासाठी हा सरासरी दहा-अकरा दिवसांचा पुरवठा. म्हणजे जहाज स्वतः काही मोठे कोठार नव्हे, ते दार आहे. टँकर येत राहिले तरच त्या दाराचा उपयोग. टर्मिनलची वार्षिक क्षमता जवळजवळ 4 अब्ज घनमीटर ठेवली गेली. देशाच्या पूर्ण गरजेपेक्षाही जास्त.

जागा निवडली ती कुर्शियन खाडीतल्या 'किआउलेस नुगारा' नावाच्या छोट्या बेटाजवळ. नावाचा अर्थ 'डुकराची पाठ'. तिथे धक्का बांधला, टँकरना आत येता यावे म्हणून बंदराचा मार्ग खोल केला आणि जाळ्याला जोडायला 18 किलोमीटरची पाइपलाइन टाकली. युरोपीय गुंतवणूक बँकेने कर्ज दिले, आयोगाने नोव्हेंबर 2013 मध्ये सरकारी साहाय्याला मंजुरी दिली. 27 ऑक्टोबर 2014 रोजी जहाज क्लायपेडात शिरले. ते बघायला किनाऱ्यावर लोकांची गर्दी झाली होती. राष्ट्राध्यक्ष दालिया ग्रिबाउस्काइते स्वागताला हजर होत्या.

आता मे महिन्यातल्या त्या सवलतीकडे पुन्हा पाहा. जहाज येणार हे नक्की होते, करार पक्का होता, वहनजाळे हातातून निसटत होते. थांबले तर गिऱ्हाईक हातचे जाणार, हे गाझप्रोमला कळून चुकले. म्हणून दर आधीच खाली आला. पर्यायी मार्गाची किंमत त्यातून वाहिलेल्या गॅसवरून काढता येत नाही. न वाहिलेल्या गॅसचाही त्यात वाटा असतो.

बिल कुणी भरायचे

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती सरकारी पत्रक होईल. पहिल्या काही वर्षांत जहाजाचा वापर लाजिरवाणा कमी होता. स्टॅटऑइलशी, म्हणजे आजच्या इक्विनोरशी, ऑगस्ट 2014 मध्ये केलेला करार वर्षाला सुमारे 54 कोटी घनमीटरचा होता, क्षमतेच्या जेमतेम सातव्या हिश्श्याचा. पुढे 2016 मध्ये तो बदलला: मुदत पाचवरून दहा वर्षे आणि वार्षिक प्रमाण आणखी कमी. तरी जहाज पूर्ण बंद ठेवता येत नाही, कारण टाकीतला द्रव थोडा थोडा उकळत राहतो आणि तो वायू कुठेतरी द्यावाच लागतो. भाडे तर रोज चालूच.

हा खर्च गॅस जाळे वापरणाऱ्या सर्वांच्या बिलात 'सुरक्षा अधिभार' म्हणून घातला गेला. सर्वांत मोठा बोजा पडला योनावा इथल्या 'अकेमा' या खत कारखान्यावर. नत्रखताला लागणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. देशातल्या एकूण गॅसपैकी जवळपास निम्मा ही एकटी कंपनी वापरत असे. अकेमाचे म्हणणे सरळ होते: देशाची सुरक्षा सगळ्यांची, मग तिचे पैसे आमच्या खतातून का? कंपनी देशातल्या न्यायालयांत गेली, नंतर युरोपीय न्यायालयांतही. माझ्या मते तक्रारीत तथ्य होते. सुरक्षा ही सार्वजनिक गोष्ट असेल, तर तिचा भार ज्याच्याकडे मोठा मीटर आहे त्याच्यावर टाकणे सोयीचे असते, न्याय्य असतेच असे नाही.

गंमत पुढे आहे. 2016 मध्ये याच अकेमाने स्टॅटऑइलकडून क्लायपेडामार्गे एलएनजी घ्यायला सुरुवात केली, कारण दर परवडला. त्या वर्षी नॉर्वेचा गॅस लिथुआनियात रशियाच्या पुढे गेला. आणि मार्च 2016 मध्ये गाझप्रोमने चक्क बाल्टिक देशांसाठी गॅसचा लिलाव ठेवला. ज्या बाजारात दर फक्त मॉस्कोत ठरत असे, तिथे मॉस्कोच बोली मागायला बसली होती. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतल्या सबाइन पास इथून पहिला टँकर आला. बाल्टिक देशांत पोहोचलेला तो पहिला अमेरिकी एलएनजी.

आणखी एक बदल फारशा गाजावाजाविना घडला. शहरांतल्या घरांना सामायिक उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांनी गॅस सोडून लाकडाचे तुकडे आणि जंगलातला पालापाचोळा जाळायला सुरुवात केली. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाटा पाचवा हिस्सा होता, दशक संपेपर्यंत दोन-तृतीयांशाच्या आसपास पोहोचला. गॅसची मागणी त्याने घटली. मार्ग वाढवण्याइतकेच गरज कमी करणेही मोलाचे, पण त्याचे उद्घाटन करायला फीत कापता येत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

2022

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चअखेर मॉस्कोने गॅसचे पैसे रुबलमध्ये द्या असे फर्मान काढले. 2 एप्रिलला लिथुआनियाने जाहीर केले की महिन्याच्या पहिल्या दिवसापासून देशात वापरायला रशियाचा गॅस घेणे बंद केले आहे. युरोपीय संघात असे करणारा तो पहिला देश. बल्गेरिया, पोलंड आणि फिनलंडचा पुरवठा पुढच्या आठवड्यांत गाझप्रोमनेच तोडला. लिथुआनियाने स्वतःहून तोटी बंद केली होती.

योगायोगाने, किंवा दशकभराच्या चिकाटीने म्हणा, त्याच महिन्यांत दुसरे दार उघडले. पोलंड-लिथुआनिया जोड पाइपलाइन, लांबी 508 किलोमीटर, मे 2022 मध्ये सुरू झाली. खर्चाचा मोठा भाग युरोपीय निधीतून आला होता. उत्तरेला लात्वियातले इन्चुकाल्न्सचे भूमिगत गॅस कोठार आहे, आणि एस्टोनिया व फिनलंड यांना समुद्राखालून जोडणारी बाल्टिककनेक्टर पाइपलाइन 2020 पासून चालू होती. म्हणून 21 मे रोजी फिनलंडचा पुरवठा तुटला, तेव्हा क्लायपेडात उतरलेला गॅस उत्तरेकडे निघाला. वर्षानुवर्षे अर्धा रिकामा राहिलेला तो तळ आता व्यापाऱ्यांना अपुरा पडू लागला.

याचा अर्थ लिथुआनिया सुखात होता असा नाही. गॅस मिळाला, पण ऑगस्ट 2022 चा युरोपीय दर भयानक होता. अकेमाने 1 सप्टेंबरपासून उत्पादन थांबवले. मार्ग अनेक असले की पुरवठा तुटत नाही. भाव मात्र जगाच्या बाजाराचाच मोजावा लागतो.

तो भाव आपल्यापर्यंतही आला. युरोपने जगभरातले एलएनजी टँकर आपल्याकडे ओढले. भारताच्या गेलचा गाझप्रोमच्या सिंगापूरमधल्या उपकंपनीशी 2012 पासून वीस वर्षांचा करार होता. ती उपकंपनी गाझप्रोमच्या जर्मनीतल्या 'गाझप्रोम जर्मानिया' या कंपनीच्या छत्राखाली होती, आणि एप्रिल 2022 मध्ये जर्मन सरकारने तिचा ताबा घेतल्यावर भारताला ठरलेले टँकर येईनासे झाले. गेलने लवादात दावा लावला. जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलर घेऊन तो मिटला. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2022 पासून सीएनजीवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला, तेव्हा मुंबईतला दर किलोला 60 रुपये झाला होता. ऑगस्टमध्ये तो 86 वर गेला. देशी गॅसचा सरकारी दर एप्रिलमध्ये दुपटीने वाढला होता हे त्याचे एक कारण, आयात एलएनजीची महागाई हे दुसरे.

पुढे

तरंगत्या टर्मिनलचा मोठा गुण म्हणजे ते लवकर येते. दोष म्हणजे ते तितक्याच सहज निघून जाते. कोकणात हे दिसले. होएग कंपनीचेच 'होएग जायंट' 2021 मध्ये जयगडला येऊन थांबले, आणि तिथून नियमित पुरवठा सुरू न होताच पुढे दुसरीकडे गेले. जहाजामागे गिऱ्हाईक, पाइपलाइन आणि तोटा सोसायला तयार असलेला कुणीतरी लागतो. लिथुआनियात तो कुणीतरी सरकार होते. तिथल्या संसदेने 2018 मध्येच ठरवले की 2044 पर्यंत टर्मिनल देशात राहील, आणि भाडेपट्टीची दहा वर्षे भरत आली तेव्हा 2024 अखेर जहाज 15 कोटी 35 लाख डॉलरना विकत घेतले.

काही गाठी सुटलेल्या नाहीत. रशियाचा कॅलिनिनग्राड प्रांत समुद्र, पोलंड आणि लिथुआनिया यांच्यामध्ये अडकला आहे, आणि त्याचा गॅस लिथुआनियातूनच जातो. देशाने स्वतःसाठी घेणे थांबवले, तरी तो वाहत राहिला. रशियानेही धडा घेतला: कॅलिनिनग्राडसाठी त्याने 2019 मध्ये स्वतःचे तरंगते टर्मिनल, 'मार्शल वासिलेव्स्की' हे जहाज, आणून ठेवले. दुसरे म्हणजे, क्लायपेडात उतरणाऱ्या मालात अमेरिकेचा वाटा आता मोठा आहे. टँकरचा विक्रेता बदलता येतो आणि पाइपलाइनचा नाही, हा फरक खरा. तरी एकाच देशाकडे पुन्हा झुकणे डोळ्यांआड करण्यासारखे नाही.

आणि पैशांचा प्रश्न तसाच आहे. लिथुआनियाची स्वतःची मागणी 2012 च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली आहे, जहाज मात्र तेवढेच. फिनलंड, एस्टोनिया आणि लात्वियाने 2020 पासून गॅस वहनाचा सामायिक दरविभाग केला. लिथुआनिया त्यात गेला नाही, कारण वहनाच्या आणि टर्मिनलच्या खर्चाची वाटणी कशी करायची यावर जमले नाही. फिनलंडने पुढे 'एक्झेम्प्लार' हे जहाज भाड्याने आणून इन्कूला स्वतःचे टर्मिनल उभारले. 2022 मध्ये क्लायपेडाचा आधार शेजाऱ्यांनी घेतला, पण त्याआधीच्या आठ वर्षांचा अधिभार भरला तो योनावाच्या कारखान्याने आणि लिथुआनियातल्या बिलधारकांनी.